वाड्यावर चाळीस फ्लॅट येतात तेव्हा: पंचायत, वीज, पाणी आणि बिल्डर यांचा मेळ

गोव्यातल्या एखाद्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या एखाद्या वस्तीत, चाळीस फ्लॅटची इमारत येणार अशी कुणकुण लागली की ग्रामसभेत दोनच सूर लागतात. एक म्हणतो, प्रकल्प नकोच. दुसरा म्हणतो, सगळे दाखले आहेत, अडवणार कसे? आवाज चढतात, ठराव होतो, इतिवृत्तात नोंद पडते. मधला प्रश्न तसाच राहतो. या चाळीस घरांना रोज पाणी किती लागेल, वीज किती लागेल, सांडपाणी किती निघेल, आणि वाड्यावरची वाहिनी, तार नि गटार आज तेवढा भार घेऊ शकतात का?

हा प्रश्न भावनेचा नाही, गणिताचा आहे. तो वेळेवर विचारला तर पंचायत, सरकारी खाती आणि बिल्डर यांना एकत्र बसून काही ठरवता येतं. उशिरा विचारला तर नळ कोरडे पडतात, ट्रान्स्फॉर्मर उडतो, डांबर घातलेला रस्ता पुन्हा फुटतो आणि शिव्या सरपंचाला पडतात.

आधी पाण्याचा हिशेब

राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे घरगुती वापरासाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. चाळीस फ्लॅट, घरटी पाच माणसं, म्हणजे २०० माणसं आणि दिवसाला २७,००० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रोजचे जवळपास तीन टँकर.

आकडा मोठा वाटत नाही. खरी मेख तो किती तासांत भरायचा यात आहे. पाइपमधून पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने वाहतं असं धरू. मग २५ मिलिमीटरच्या पाइपमधून दोन तासांत साधारण ३,५०० लिटर येतात, ५० मिलिमीटरमधून १४,००० आणि ८० मिलिमीटरमधून ३६,०००. वाड्याला पाणी दिवसातून दोनच तास येत असेल तर या इमारतीला ८० मिलिमीटरची जोडणी लागेल. आता वाड्याची मुख्य वाहिनी बघा. ती १०० मिलिमीटरची असेल तर दोन तासांत तिच्यातून सुमारे ५६,००० लिटर जातात. त्यातले २७,००० एकटी इमारत घेणार. वाहिनीच्या शेवटच्या टोकाला जी घरं आहेत, त्यांच्या नळाला काय उरेल ते वेगळं सांगायला नको.

उलट पाणी रात्रभर येत असेल तर चित्र पालटतं. रात्री दहा ते सकाळी आठ या दहा तासांत तेच २७,००० लिटर भरायचे म्हणजे ताशी २,७००. त्याला ३२ मिलिमीटरचा पाइप पुरतो आणि शेजाऱ्यांना झळही लागत नाही. म्हणून बिल्डरशी बोलताना ‘जोडणी मिळेल का’ या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. भूमिगत टाकी किमान एका दिवसाची आहे का, ती कोणत्या वेळेत भरणार, आणि जोडणीवर प्रवाह मर्यादित ठेवणारी झडप बसवणार का, हे विचारायचं. ज्या भागात पाणी एक दिवसाआड येतं तिथे टाकी दोन दिवसांची हवी. आगीसाठीचा साठा त्यात धरायचा नाही, तो वेगळा.

दाबाबद्दल गैरसमज बराच आहे. केंद्र सरकारच्या १९९९ च्या पाणीपुरवठा मार्गदर्शिकेत वितरण वाहिनीत कमीत कमी दाब (म्हणजे पाणी स्वतःहून जेवढं वर चढेल ती उंची) एकमजली वस्तीसाठी ७ मीटर, दुमजलीसाठी १२ आणि तिमजलीसाठी १७ मीटर धरला होता. चौथ्या मजल्यावर पाणी आपोआप चढवण्याची जबाबदारी सरकारी वाहिनीची नाही. ते काम इमारतीच्या टाकीचं आणि पंपाचं. हा पंप टाकीवर न बसवता थेट नळजोडणीवर बसवला की तो वाहिनीतून पाणी ओढतो. शेजारचे नळ सुकतात हा त्यातला छोटा तोटा. मोठा तोटा म्हणजे वाहिनीत उलटा दाब तयार होतो आणि गळक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत शिरतं. पावसाळ्यात एखाद्या वाड्यावर अचानक पोटाचे विकार वाढले की आरोग्य केंद्राबरोबरच पंप कुठे कुठे बसलेत हेही तपासावं.

पोहण्याचा तलाव असेल तर तो हिशेबात वेगळा मांडा. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल तलाव भरायला जवळपास ४५,००० लिटर लागतात. म्हणजे या अख्ख्या इमारतीचं दीड दिवसाहून अधिक पाणी. एक तलाव परवडतो. बार्देशच्या किनारी गावांत आता प्रत्येक व्हिलाला स्वतंत्र तलाव असतो, आणि पाण्याचा अर्ज मात्र ‘घरगुती वापर’ म्हणून येतो.

विहीर किंवा कूपनलिका हा पर्याय सुचवला जातोच. गोव्यात २००२ चा भूजल नियमन कायदा आहे. नवी विहीर किंवा कूपनलिका खोदायला भूजल अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि पाण्याचे टँकरही त्याच कायद्याच्या कक्षेत येतात. ‘टँकरने भागवू’ असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न विचारा: कोणत्या विहिरीचं पाणी, आणि त्या विहिरीभोवतीच्या गावाचं काय?

कोणाच्या हातात काय

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. लोक पंचायतीकडे वीज मागतात आणि वीज खात्याकडे रस्त्याची तक्रार करतात.

जमिनीचा वापर बदलून सनद देण्याचं काम महसूल खात्याचं, १९६८ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम ३२ खाली. आराखडा नियमांत बसतो की नाही हे नगरनियोजन खातं बघतं. नियोजन क्षेत्रात तेच काम नियोजन आणि विकास प्राधिकरण (पीडीए) करतं. डोंगर कापायचा किंवा सखल जमीन भरायची असेल तर १९७४ च्या नगरनियोजन कायद्याच्या कलम १७-अ खाली वेगळी परवानगी लागते. बांधकाम परवाना पंचायत देते, १९९४ च्या पंचायत राज कायद्याच्या कलम ६६ खाली. शहरांत ते काम पालिकेचं आणि पणजीत महापालिकेचं. पंचायतीने ३० दिवसांत निर्णय कळवला नाही तर अर्जदाराला वर अपील करता येतं. त्यामुळे फाईल दाबून बसणं ही चाल पंचायतीवरच उलटते. प्रश्न विचारायचे तर त्या ३० दिवसांत, लेखी विचारायचे.

वीज पुरवतं सरकारचं वीज खातं. इतर बऱ्याच राज्यांत वितरण कंपनी असते. गोव्यात ते अजून सरकारी खातंच आहे. दर आणि पुरवठ्याचे नियम मात्र गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांसाठीचा संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो. पाणी वर्षानुवर्षं सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, म्हणजे साबांखाकडे होतं. आता त्यासाठी वेगळं पेयजल खातं झालं आहे, लोकांच्या तोंडी मात्र साबांखाच. मलनिस्सारणात साबांखाबरोबर राज्याचं मलनिस्सारण महामंडळ आहे. घरगुती गॅसची पाइपलाइन उत्तर गोव्यात गोवा नॅचरल गॅस आणि दक्षिणेत इंडियन ऑइल अदानी गॅस टाकते. फायबरच्या तारा दूरसंचार कंपन्यांच्या, आणि त्यांना वाट देण्याचे नियम केंद्राचे. २०२४ चे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले.

यादी बघितलीत तर लक्षात येईल की पंचायतीकडे यातली एकही वाहिनी नाही, आणि तरीही तिच्या हातात तीन चाव्या आहेत: सुरुवातीला बांधकाम परवाना, मध्ये स्वतःच्या रस्त्याला हात लावायची परवानगी आणि शेवटी ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, म्हणजे इमारतीत राहायला परवानगी देणारा दाखला. बिल्डरला तिन्ही लागतात. पुढचं सगळं या चाव्या कधी आणि कशा वापरायच्या त्याबद्दल.

पैशाचंही एक स्पष्ट करायला हवं. २००९ च्या कायद्याखाली बिल्डर बांधकामाच्या चौरस मीटरवर पायाभूत सुविधा कर भरतो. तो राज्याच्या तिजोरीत जातो. तुमच्या वाड्याची वाहिनी रुंद करायला तो आपोआप परत येत नाही. पंचायतीला परवाना शुल्क आणि पुढे घरपट्टी मिळते. म्हणून ‘बिल्डरने कर भरलाय, आता सरकार बघेल’ हे उत्तर मान्य करू नका. वाहिनी कोण वाढवणार आणि पैसे कोण देणार हे प्रत्येक प्रकल्पात वेगळं लिहून घ्यावं लागतं.

ना हरकत दाखल्याने नळाला पाणी येत नाही

परवान्याच्या फाईलीत खात्यांचे दाखले असतात. बहुतेकांची भाषा एकसारखी असते: पुरवठा शक्य आहे, उपलब्धतेनुसार, तांत्रिक बाबी पूर्ण केल्यावर. ही तीन पदं एकत्र आली की दाखल्याचा अर्थ जवळपास शून्य होतो. खात्याने खोटं काही लिहिलेलं नसतं. त्याला आकडा विचारलेलाच नसतो, म्हणून त्याने आकडा दिलेला नसतो.

पंचायतीच्या सचिवाने खात्याच्या साहाय्यक अभियंत्याला एक पानी पत्र पाठवावं. त्यात प्रकल्पाचा सर्व्हे क्रमांक, फ्लॅटची संख्या, रोजची पाण्याची गरज लिटरमध्ये, विजेचा भार किलोवॅटमध्ये आणि सांडपाणी लिटरमध्ये लिहावं. मग चार प्रश्न. एवढा पुरवठा देता येईल का? कोणत्या वाहिनीवरून किंवा कोणत्या फीडरवरून (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीवरून)? त्यासाठी काय वाढवावं लागेल आणि ते कधी होईल? खर्च कोणाचा? पत्राची प्रत बिल्डरला द्यावी. आकडे बिल्डरच्याच अभियंत्याकडून सहीनिशी घेतले तर पुढे ‘आम्ही असं म्हटलंच नव्हतं’ ही पळवाट उरत नाही.

असं पत्र गेलं की अभियंत्यालाही बळ मिळतं. चांदेल, अस्नोडा, ओपा, साळावली या जलशुद्धीकरण प्रकल्पांवर कोणत्या भागाचा भार आहे हे त्याला ठाऊक असतं. टोकाच्या वाड्यावर पाणी का चढत नाही हेही त्याला माहीत असतं. वरिष्ठांकडे वाहिनी वाढवण्याचा प्रस्ताव पाठवायला त्याच्याजवळ कागद नसतो. पंचायतीचं पत्र तो कागद पुरवतं. ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा हे ‘हर घर जल’ प्रमाणित झालेलं देशातलं पहिलं राज्य ठरलं. घरोघरी नळ पोचला हे खरं. नळातून किती वेळ, किती दाबाने पाणी येतं हा वेगळा विषय, आणि नव्या इमारतींनी तोच बिघडतो.

मेगा प्रकल्पाला सरसकट विरोधाचा ठराव घेण्यापेक्षा हे चार प्रश्न जास्त काम करतात, असं आमचं स्पष्ट मत आहे. नुसता विरोध अपिलात टिकत नाही. ‘अमुक फीडरवर जागा नाही’ असं वीज खात्याच्या सहीचं पत्र फाईलीत असेल तर गोष्ट वेगळी.

विजेचं गणित नाताळात चुकतं

चाळीस फ्लॅटना प्रत्येकी ५ किलोवॅट धरले तर २०० किलोवॅट. लिफ्ट, पंप, सांडपाणी प्रकल्प, जिन्यातले दिवे मिळून आणखी ३०. जोडलेला एकूण भार २३० किलोवॅट. सगळी घरं एकाच वेळी सगळं चालवत नाहीत म्हणून अभियंता यातला निम्मा धरतो: ११५ किलोवॅट. पॉवर फॅक्टर (खेचलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) ०.९ धरला तर साधारण १२८ केव्हीए. ट्रान्स्फॉर्मरची क्षमता केव्हीएतच मोजतात. त्यावर २०० केव्हीएचा ट्रान्स्फॉर्मर सुचवला जातो आणि कागदावर तो ऐसपैस वाटतो.

गोव्यातल्या किनारी इमारतींत मात्र अर्धी घरं दुसरं घर म्हणून घेतलेली किंवा पर्यटकांना भाड्याने दिलेली असतात. जूनमध्ये तिथे चार दिवे लागतात. नाताळ ते नववर्षाच्या आठवड्यात सगळी घरं भरतात, सगळे एसी चालतात, गीझर चालतात. त्या रात्री निम्मा नव्हे, ऐंशी टक्के भार धरावा लागतो. २३० चे ऐंशी टक्के म्हणजे १८४ किलोवॅट, म्हणजे २०४ केव्हीए. वर्षभर रिकामा वाटणारा ट्रान्स्फॉर्मर नेमका त्याच रात्री क्षमतेबाहेर जातो. उष्म्याच्या मे महिन्यात पुन्हा तेच. शिवाय आवारात विजेच्या गाड्यांसाठी ७.४ किलोवॅटचे दहा चार्जर बसले तर त्यांचेच ७४ किलोवॅट होतात. वापर पर्यटनाचा असेल तर अभियंत्याला तसं आधी सांगावं आणि २५० किंवा ३१५ केव्हीएचा विचार करायला लावावा.

ट्रान्स्फॉर्मरची जागा हा भांडणाचा कायमचा विषय. आराखड्यात कोपऱ्यात एक चौकोन काढलेला असतो. बांधकाम पुढे सरकतं, पार्किंगला भाव येतो आणि चौकोन आकसतो. मग खातं म्हणतं जागा द्या, बिल्डर म्हणतो रस्त्याकडेला बसवा, आणि पंचायतीचा आधीच अरुंद रस्ता आणखी अरुंद होतो. ट्रान्स्फॉर्मर एकदा बसवला की झालं असं नसतं. टनभराच्या आसपास वजनाची ही वस्तू जळली की ती उचलून दुसरी ठेवावी लागते, म्हणून क्रेन किंवा ट्रक थेट जवळ पोचला पाहिजे. परवान्यातच अट घालावी: जागा मोजमापासह आराखड्यात दाखवावी, ती रस्त्याला लागून असावी, तिथे कुंपण असावं आणि ती विकली जाणार नाही.

वीज कायदा २००३ चं कलम ४३ सांगतं की पूर्ण अर्ज आल्यावर ठरावीक मुदतीत जोडणी द्यायची. पण वाहिनी वाढवायची किंवा नवं उपकेंद्र उभारायचं असेल तर मुदत ते काम झाल्यावर सुरू होते. बिल्डरने जाहिरातीत ताब्याची तारीख छापली आणि खात्याकडे अर्ज मात्र छताचा स्लॅब घातल्यावर केला, तर दोष खात्याला देऊन उपयोग नाही. भाराचा अर्ज पाया भरतानाच जायला हवा. उच्च दाबाची यंत्रणा चालू करण्याआधी विद्युत निरीक्षकाची तपासणी लागते, तिलाही वेळ ठेवा.

उशीर झाला की एक घातक सवय लागते. बांधकामासाठी घेतलेल्या तात्पुरत्या मीटरवर लोक राहायला येतात. मीटर बिल्डरच्या नावावर, दर घरगुतीपेक्षा महाग, आणि भार बांधकामापुरता. उन्हाळ्यात वायर तापते, लिफ्ट अडकते. फ्लॅट घेणाऱ्याने चावी घेताना घरटी मीटर बसलाय का हे डोळ्यांनी बघावं. जमत असेल तर रहिवाशांच्या संस्थेने एकत्र एकच जोडणी घ्यायची की वेगवेगळ्या, हेही ठरवावं. २०२४ च्या दुरुस्तीनंतर वीज ग्राहक हक्क नियमांत रहिवाशांच्या मतदानाने हा पर्याय निवडता येतो.

सांडपाणी, म्हणजे खरी अडचण

पाणी नसलं की लोक ओरडतात, वीज गेली की ओरडतात. सांडपाणी मात्र गुपचूप जमिनीत, ओहोळात किंवा शेजाऱ्याच्या विहिरीत जातं. वापरलेल्या पाण्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी होतं. आपल्या इमारतीचं दिवसाला २१,६०० लिटर.

पणजीतला टोंक, मडगावचा शिरवडे, वास्कोची बायणा अशा ठिकाणी प्रक्रिया प्रकल्प आहेत आणि त्यांच्या वाहिन्यांच्या टप्प्यातली इमारत जोडून घेता येते. वाहिनी जाते पण इमारत जोडलेलीच नाही, असंही आढळतं. त्याची कारणं साधी आहेत: इमारतीचा शेवटचा चेंबर वाहिनीपेक्षा खोल निघतो, किंवा जोडणीसाठी रस्ता फोडावा लागतो आणि ते कोणालाच नको असतं. म्हणून पाया खोदण्याआधी वाहिनीच्या तळाची पातळी विचारून घ्यावी. अर्धा मीटर चुकला तर पुढची तीस वर्षं पंप चालवावा लागतो.

गावांत बहुतेक ठिकाणी सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा. भारतीय मानक २४७० प्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर आणि राहत्या इमारतीपासून ६ मीटर लांब हवा. विहीर शेजाऱ्याची असली तरी ती धरायची. आराखड्यात फक्त स्वतःचा प्लॉट दाखवलेला असतो, म्हणून पंचायतीने जागेवर जाऊन टेपने मोजणं याला पर्याय नाही.

दुसरी गफलत ऋतूची. जमिनीत पाणी किती वेगाने मुरतं याची चाचणी नोव्हेंबर ते मे या काळात घेतली जाते. जांभा दगड कोरडा असतो, पाणी झटपट मुरतं, अहवाल उत्तम येतो. जुलैत भूजल वर येतं, खाजनालगतच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीलगतच्या) आणि किनारी भागांत तर हातभर खोदलं की पाणी लागतं. तेव्हा शोषखड्डा भरलेल्या बादलीत पाणी ओतावं तसा उलटतो. चाचणी ऑगस्टमध्ये घ्यावी. ते शक्य नसेल तर जवळच्या विहिरीची पावसाळ्यातली पातळी विचारून खड्ड्याचा तळ तिच्यावर राहतो का ते बघावं.

दोनशे माणसांसाठी शोषखड्ड्यापेक्षा छोटा प्रक्रिया प्रकल्प योग्य. बिल्डर तो बसवतोही. तो बंद का पडतो? त्यातले जिवाणू सतत येणाऱ्या मैल्यावर जगतात. पहिल्या वर्षी चाळीसपैकी सहा घरं राहती, म्हणजे २२,००० लिटरच्या टाकीत ३,००० लिटर. जिवाणू उपाशी मरतात. नाताळात अचानक पूर्ण भार आला की प्रक्रिया न झालेलं पाणी तसंच बाहेर पडतं. उपाय म्हणजे प्रकल्प दोन समान भागांत बांधायचा, प्रत्येकी ११,००० लिटरचा, आणि वस्ती वाढली की दुसरा भाग चालू करायचा. खर्च थोडा वाढतो. दुसरं कारण वीज: हवा सोडणारा ब्लोअर बंद ठेवून बिल वाचवण्याचा मोह संस्थेला होतो. ब्लोअरला वेगळा मीटर बसवला तर तो खरोखर चालतो की नाही हे महिन्याच्या युनिटवरून कोणालाही कळतं. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नमुना अधूनमधून जातो, मीटर रोज बोलतो.

सांडपाण्याने साळ नदीची काय अवस्था झाली हे सासष्टीत कोणाला सांगायला नको.

रस्ता एकदाच फोडायचा

रस्ता साबांखाचा असेल तर परवानगी साबांखाची, पंचायतीचा असेल तर पंचायतीची, राष्ट्रीय महामार्ग असेल तर त्याच्या विभागाची. पावसाळ्यात रस्ता कापायची परवानगी सहसा मिळत नाही. म्हणजे कामाला ऑक्टोबर ते मे, त्यातही नाताळ, कार्निव्हल, शिगमो आणि जत्रा वगळता उरतील तेवढेच दिवस. स्मार्ट सिटीच्या कामांत पणजीने जे भोगलं, त्याचं लहान रूप प्रत्येक गावात दिसतं: एक चर पाण्याचा, तो बुजला की दुसरा विजेचा, मग फायबरवाला येतो.

उपाय माहीत आहे, अंमलात आणणं जिकिरीचं आहे. पंचायतीने सप्टेंबरात एक बैठक घ्यावी. वीज, पाणी, मलनिस्सारण, गॅस, दूरसंचार आणि परवाना घेतलेले सगळे बिल्डर. प्रत्येकाने रस्त्याच्या नकाशावर येत्या आठ महिन्यांत काय टाकायचं ते आखावं. ज्यांच्या रेषा एकमेकांवर येतात त्यांनी एकच चर वापरावा आणि सगळ्यात खोल जाणाऱ्याने आधी उतरावं. मलवाहिनी उतारावर चालते, म्हणून ती पहिली आणि सगळ्यात खाली. भारतीय मानक १२५५ प्रमाणे ३३ केव्हीची केबल १.०५ मीटर, ११ केव्हीची ०.९ मीटर आणि घरगुती दाबाची ०.७५ मीटर खोल असावी. रस्ता ओलांडताना एक मीटर. पिण्याच्या पाण्याची वाहिनी मलवाहिनीपासून आडवं तीन मीटर अंतर ठेवून टाकावी असा दंडक आहे. आपल्या वाड्यांवर मुळात रस्ताच तीन-साडेतीन मीटरचा. तिथे पाण्याची वाहिनी विरुद्ध कडेला आणि वरच्या पातळीवर ठेवायची, आणि जिथे ती मलवाहिनी ओलांडते तिथे किमान अर्धा मीटर वरून न्यायची, सांधा नेमका ओलांडणीवर येणार नाही असं बघून.

चरासोबत दोन रिकामे पाइप टाकून ठेवणं हा सगळ्यात स्वस्त शहाणपणा. उद्या फायबर किंवा जादा केबल आली तर रस्ता न फोडता ती ओढता येते.

रस्ता खचण्याचं कारण डांबर क्वचितच असतं. चर भरताना माती एकदम ढकलली जाते, वर रोलर फिरवला जातो, आणि पहिल्या पावसात ती आत बसते. माती १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी टाकून प्रत्येक थर ठोकून घट्ट बसवायला हवा. वाहिनीभोवती वाळू, चिऱ्याचे तुकडे नव्हेत. केबलवर इशारापट्टी. ठेकेदाराची अनामत काम संपल्यावर लगेच सोडू नका. एक पावसाळा जाऊ द्या, मग रस्ता बघून सोडा. ही अट परवानगीपत्रात लिहिलेली नसेल तर पुढे वाद होतो.

जमिनीखालून यंत्राने आडवं भोक पाडून केबल ओढणारे रस्ता फोडत नाहीत म्हणून लोकांना बरे वाटतात. पण खाली काय आहे ते त्यांना दिसत नाही आणि पाण्याची वाहिनी किंवा केबल फुटते ती इथेच. मार्च २०२३ मध्ये केंद्राने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केलं. खोदणाऱ्याने आधी त्यावर कळवायचं आणि ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांना सूचना जाते. पंचायतीने परवानगी देताना त्या नोंदीची प्रत मागावी. ॲपवर जुन्या वाहिन्या नीट नसतात, म्हणून खात्याचा लाईनमन किंवा नळकामगार जागेवर हजर असावा हे बरं. त्याच्या डोक्यातला नकाशा कुठल्याही संगणकात नाही, आणि तो निवृत्त होतोय.

ऑक्युपन्सी कधी द्यायची

इमारत उभी राहिली की नगरनियोजन किंवा पीडीएची पूर्णत्वाची मान्यता, आरोग्य अधिकाऱ्याचा दाखला, आणि मग पंचायतीची ऑक्युपन्सी. खरेदीदार रांगेत, बँका विचारत असतात, बिल्डर घाईत. याच टप्प्यावर ढिलाई होते.

२०१६ च्या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याने (रेराने) ऑक्युपन्सीची जी व्याख्या केली आहे, तीत पाणी, स्वच्छता आणि वीज या नागरी सुविधांची तरतूद अंतर्भूत आहे. म्हणजे नुसत्या भिंती आराखड्याबरहुकूम आहेत एवढ्याने भागत नाही. पंचायतीने जागेवर जाऊन तीन गोष्टी चालू अवस्थेत बघाव्यात: कायमच्या जोडणीतून टाकी भरते आहे, ट्रान्स्फॉर्मरवर भार आहे, आणि सांडपाणी ठरलेल्या जागी जातं आहे. शेवटची तपासण्यासाठी संडासात रंग टाकून फ्लश करावं आणि ओहोळाकडे कोणाला तरी उभं करावं. दहा मिनिटांचं काम.

मनमानी करून ऑक्युपन्सी अडवणं मात्र चुकीचं, आणि ते फार काळ टिकतही नाही. अट परवान्यात लिहिलेली असेल तरच ती शेवटी तपासता येते. परवान्यात एक ओळ नाही आणि ऑक्युपन्सीच्या वेळी दहा मागण्या, असं झालं की लोकांना भलताच वास येतो.

ताबा घेताना संस्थेने

जमीन पाचशे चौरस मीटरहून जास्त नसलेले किंवा आठपेक्षा जास्त फ्लॅट नसलेले छोटे प्रकल्प सोडले तर प्रकल्प रेरात नोंदवावा लागतो. रहिवाशांची संस्था ताबा घेईपर्यंत अत्यावश्यक सुविधा चालवण्याची जबाबदारी बिल्डरची. म्हणून काही बिल्डर संस्था लवकर करून मोकळे व्हायला बघतात, काही रहिवासी ती जन्मभर लांबवतात. दोन्हींत नुकसान रहिवाशांचंच.

ताब्याच्या दिवशी जिन्यातल्या फरशीवर वाद घालण्यात वेळ घालवू नका. ट्रान्स्फॉर्मर कोणाच्या मालकीचा ते कागदावर बघा: खात्याकडे हस्तांतरित झाला असेल तर जळल्यावर खातं बदलतं, नसेल तर वर्गणी काढावी लागते. प्रत्यक्षात जशा टाकल्या गेल्या तशा वाहिन्यांचा नकाशा मागा, मंजूर आराखड्याची प्रत नव्हे. दोन्हींत फरक असतोच. सांडपाणी प्रकल्पाचे मागच्या तीन महिन्यांचे वीज बिल, पंपांची हमीपत्रं, जोडणीवरच्या झडपेची जागा. बांधकामातल्या संरचनात्मक दोषांची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षं बिल्डरवर राहते, आणि सेवावाहिन्यांतले दोषही त्याच मुदतीत लेखी कळवायचे.

आवारातला रस्ता पंचायतीला दान करायचा असेल तर पंचायतीने तो डोळे मिटून घेऊ नये. एकदा घेतला की खड्डा, दिवा आणि तुंबलेलं गटार तिचं. त्याखालच्या वाहिन्यांचा नकाशा दानपत्राला जोडलेला असावा आणि त्याची एक प्रत सचिवाच्या फाईलीत, दुसरी खात्याच्या उपविभागात.